‘कॉम्पॅक एचपीनं संपवली का?’ – एक सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: घर आवरताना वडिलांच्या कपाटात कॉम्पॅकचा डेस्कप्रो नावाचा एक जुना संगणक आणि आयपॅक नावाचं हातात मावणारं यंत्र सापडलं. वडील म्हणतात, त्या काळी कॉम्पॅकसारखं मशीन दुसरं नव्हतं. मग एवढी मोठी कंपनी गेली कुठं? एचपीनं ती विकत घेऊन मुद्दाम संपवली का? आणि या दोन यंत्रांचं आता करायचं काय?

पीसी आणि सर्व्हरच्या देखभालीत माझी तीसेक वर्षं गेली, आणि त्यातला सुरुवातीचा मोठा काळ कॉम्पॅकची मशीन उघडण्यात आणि मिटण्यात गेला. त्यामुळे हे उत्तर लांबेल, पण मला ते नीट द्यायचं आहे.

तुमचे वडील बरोबर सांगतात. एचपीबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे. नाव एचपीनं पुसलं हे खरं, पण कॉम्पॅकला जे नडलं ते तिनं स्वतःच उघडलेल्या दारातून आत आलं होतं. ते दार कोणतं, हे समजलं की पुढचा सगळा इतिहास उलगडत जातो. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमनं आपला पहिला पीसी आणला. एरवी ही कंपनी जवळजवळ प्रत्येक भाग स्वतः घडवायची, पण या वेळी घाई होती, म्हणून बाजारात मिळणारे भाग जुळवून काम केलं. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, डॉस ही कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, आणि तीच डॉस इतरांना विकायची मोकळीक मायक्रोसॉफ्टनं राखून ठेवलेली. त्या पेटीत अगदी आयबीएमचं म्हणावं असं एकच राहिलं होतं: बायोस. मशीन चालू केल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा आणि कीबोर्ड, पडदा, फ्लॉपी यांच्याशी बोलणारा तो छोटासा प्रोग्रॅम. गंमत म्हणजे आयबीएमनं तो लपवला नव्हता. तांत्रिक पुस्तिकेत त्याची ओळन् ओळ छापली होती. पण त्यावर कॉपीराइट होता, त्यामुळे ती छापील यादी हाच सापळा ठरला. ज्यानं ती वाचली, त्यानं पुढं तसा प्रोग्रॅम लिहिला तर ‘नक्कल केली’ हा आरोप त्याला खोडून काढणं अवघड.

फेब्रुवारी १९८२ मध्ये रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो या तिघांनी प्रत्येकी हजार डॉलर घालून ह्यूस्टनमध्ये कंपनी काढली. तिघंही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये वरच्या पदांवर होते. नेमकं काय करायचं ते आधी ठरलं नव्हतं. मेक्सिकन रेस्टॉरंट काढावं असाही एक विचार झाला होता. शेवटी कल्पना सुचली ती अशी, की उचलून नेता येईल असा संगणक करायचा आणि त्यावर आयबीएम पीसीचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं चालवायचं. त्याचं पहिलं चित्र ह्यूस्टनच्या ‘हाऊस ऑफ पाइज’ नावाच्या हॉटेलात, ताटाखालच्या कागदावर काढलं गेलं. भांडवल बेन रोझेन यांच्या गुंतवणूक कंपनीनं दिलं आणि रोझेन अध्यक्ष झाले. हे नाव लक्षात ठेवा, पुढं दोनदा येणार आहे.

‘जसंच्या तसं’ हे शब्द आज साधे वाटतात, तेव्हा नव्हते. डॉस चालवणारी मशीन त्या काळात बरीच होती. डिजिटलचा रेनबो होता, खुद्द टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनंही आपला पीसी आणला. पण आयबीएमसाठी घेतलेली फ्लॉपी त्यांच्यात घातली तर अनेक प्रोग्रॅम चालतच नसत. कारण असं, की हिशेबाच्या लोटस १-२-३ सारखे वेगवान प्रोग्रॅम डॉसला विचारत बसायचे नाहीत. पडद्याच्या मेमरीत थेट लिहायचे. हार्डवेअरचा पत्ता एवढासा जरी वेगळा असला तरी पडदा कोरा. इतर कंपन्यांच्या अभियंत्यांना वाटायचं, ‘आपण आयबीएमपेक्षा सरस काही करू.’ कॉम्पॅकच्या लोकांनी स्वतःला नियम घालून घेतला, की सरस करायचं, पण सुसंगती मोडून नाही. माझ्या मते कॉम्पॅकचं सगळं मोठेपण या एका संयमात आहे.

बायोसचा सापळा त्यांनी दोन गट करून चुकवला. एका गटानं आयबीएमची यादी वाचली आणि ‘ही विचारणा आली की हे उत्तर जायला हवं’ एवढंच वर्णन लिहून काढलं. दुसऱ्या गटात असे प्रोग्रॅमर घेतले, ज्यांनी ती यादी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी केवळ त्या वर्णनावरून नवा बायोस लिहिला. दोन्ही गटांत थेट बोलणं नाही, मधे वकील. या कामावर सुमारे १० लाख डॉलर खर्च झाले. कॉम्पॅक ही पहिली नक्कलदार कंपनी नव्हती. कोलंबिया डेटा प्रॉडक्ट्सचं मशीन तिच्या आधी, १९८२ च्या मध्यातच आलं होतं. पण कायद्याला टिकणारं काम आणि जवळजवळ पूर्ण सुसंगती या दोन्ही गोष्टी पक्क्या करून टिकून राहिली ती कॉम्पॅक. १९८४ मध्ये आयबीएमनं बायोसच्या नकलेवरून कोरोना आणि ईगल या कंपन्यांना कोर्टात खेचलं, तेव्हा कॉम्पॅककडे बोट दाखवायला जागा नव्हती.

कॉम्पॅक पोर्टेबल नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झाला आणि १९८३ च्या सुरुवातीला दुकानांत पोहोचला. किंमत २,९९५ डॉलरपासून पुढं, वजन सुमारे साडेबारा किलो. शिवणयंत्राच्या पेटीएवढं धूड, कीबोर्ड म्हणजे तिचं झाकण, आत नऊ इंची हिरवा पडदा. ‘पोर्टेबल’ म्हणताना खांदा दुखायचा, पण दोन गोष्टी लोकांच्या मनात बसल्या. एक म्हणजे आयबीएमच्या फ्लॉप्या बिनतक्रार चालायच्या. दुसरी म्हणजे आयबीएमवर स्वच्छ अक्षरं हवीत की आलेख हवेत हे आधी ठरवून वेगवेगळं कार्ड घ्यावं लागे. कॉम्पॅकच्या एकाच पडद्यावर दोन्ही मिळायचं. पहिल्याच वर्षी ५३,००० मशीन विकली गेली आणि उलाढाल ११.१ कोटी डॉलरवर पोहोचली. अमेरिकेत पहिल्या वर्षात तोवर कुठल्याही कंपनीनं एवढा धंदा केला नव्हता.

त्यात विक्रीच्या पद्धतीचाही मोठा वाटा होता. आयबीएमचे स्वतःचे विक्रेते मोठ्या ग्राहकांकडे थेट जायचे, म्हणजे दुकानदाराशीच स्पर्धा करायचे. कॉम्पॅकनं सांगितलं, आम्ही फक्त दुकानदारांमार्फत विकू. दुकानदार खूश झाले आणि आयबीएमच्या शेजारी कॉम्पॅक मांडू लागले. ही गोष्टही ध्यानात असू द्या. जे तेव्हा बळ होतं, तेच पुढं ओझं झालं.

पुढचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, पोर्टेबलपेक्षाही. इंटेलचा ३२-बिटांचा ८०३८६ प्रोसेसर १९८५ मध्ये आला. सगळे आयबीएमकडे बघत थांबले. आयबीएम घाई करेना. सप्टेंबर १९८६ मध्ये कॉम्पॅकनं डेस्कप्रो ३८६ आणला, किंमत साडेसहा हजार डॉलरच्या घरात. आयबीएमनं ३८६ वरचं आपलं मशीन जाहीर करेपर्यंत एप्रिल १९८७ उजाडला. आतली रचना पाहण्यासारखी होती. लोकांकडची जुनी कार्डं चालावीत म्हणून स्लॉट जुन्या वेगाचेच ठेवले, आणि मेमरीला प्रोसेसरशी जोडणारा वेगळा ३२-बिटी रस्ता दिला. म्हणजे जुनं काही फेकायला न लावता वेग वाढवला. त्या दिवसापर्यंत ‘पीसी म्हणजे काय’ हे आयबीएम ठरवायची. त्यानंतर ते ठरवणं एका कंपनीच्या हातात राहिलं नाही.

आयबीएमनं ते परत मिळवायचा प्रयत्न केला. १९८७ मध्ये पीएस/२ मालिकेबरोबर मायक्रोचॅनेल ही नवी बस, म्हणजे कार्डांना मशीनशी जोडणारा रस्ता, आणली. ती वापरायची तर रॉयल्टी द्या, आणि जुनी कार्डं त्यात बसणार नाहीत. सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकारानं नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि जुन्या कार्डांना सामावून घेणारी ईआयएसए बस जाहीर केली. त्या नवांत एचपीही होती. जुन्या बसला ‘आयएसए’, म्हणजे उद्योगाची प्रमाण रचना, हे नाव याच खटाटोपात पडलं, कारण तिचं आधीचं ‘एटी’ हे नाव आयबीएमचं होतं. ईआयएसए स्वतः फार पसरली नाही, महाग होती. पण मायक्रोचॅनेल अडली ती अडलीच.

माझ्यासारख्या देखभालवाल्यांनी कॉम्पॅकवर जीव का लावला, ते थोडं सांगतो. पेटी उघडायला ताऱ्याच्या आकाराचे टॉर्क्स स्क्रू असायचे, बहुतेक सगळे टी-१५. एक पाना खिशात असला की पूर्ण मशीन सुटं व्हायचं. स्क्रूच्या डोक्यावर आडवी खाचही असायची, म्हणजे पाना विसरला तरी साध्या स्क्रूड्रायव्हरनं भागायचं. पत्रा जाड, कडा बोट न कापणाऱ्या. हार्ड डिस्कला जोडणारी आयडीई केबल आपल्याला इतकी सवयीची झाली, पण त्या पद्धतीची डिस्क आधी आली ती १९८६ च्या कॉम्पॅक मशीनमध्ये. वेस्टर्न डिजिटलच्या जोडीनं त्यांनी ती घडवली होती. डिस्क मरायच्या आधी स्वतःहून इशारा देते, त्या ‘स्मार्ट’ तपासणीचं मूळही कॉम्पॅकच्या इंटेलिसेफ तंत्रात आहे. ते त्यांनी १९९५ मध्ये प्रमाण व्हावं म्हणून पुढं केलं.

आणि सर्व्हर! नोव्हेंबर १९८९ चा सिस्टमप्रो हा पीसीच्या भागांतून घडवलेला खराखुरा सर्व्हर होता. दोन प्रोसेसरची सोय, डिस्कांची रांग, एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत. १९९३ पासून त्याच वाटेवर प्रोलायंट आले. इनसाइट मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर डिस्कच्या आणि मेमरीच्या चुका मोजत बसायचं, आणि मर्यादा ओलांडली की तो भाग अजून चालू असतानाच वॉरंटीत बदलून मिळायचा. भाग बंद पडायच्या आत बदलून देणारी वॉरंटी मी तोवर पाहिली नव्हती. रात्री अडीचला फोन येण्याऐवजी सकाळी अकराला शांतपणे डिस्क बदलायची, याचं मोल ज्यानं ती नोकरी केली त्यालाच कळेल.

आता तडा कुठं गेला ते पाहू. बायोसचा मार्ग कॉम्पॅकनं दाखवला आणि १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीनं तशाच पद्धतीनं स्वच्छ बायोस लिहून तो कोणालाही विकायला सुरुवात केली. आता दहा लाख डॉलर नकोत. बायोस विकत घ्या, प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टची, जुळवा आणि विका. मी सुरुवातीला म्हटलं ते दार हेच. आयबीएमच्या कुंपणाला कॉम्पॅकनं जे दार पाडलं, त्यातून तिच्या मागोमाग शेकडो जण शिरले. १९९० च्या सुमाराला कॉम्पॅकची मशीन सुंदर होती आणि महाग होती, आणि शेजारच्या स्वस्त मशीनवरही तेच सॉफ्टवेअर तसंच चालत होतं. कारण ‘तसंच चालणं’ हीच तर कॉम्पॅकनं जगाला लावलेली सवय होती.

१९९१ च्या तिसऱ्या तिमाहीत कंपनीला पहिल्यांदा तोटा झाला, सुमारे ७ कोटी डॉलर. कॅनियन यांना वाटत होतं, दर्जा टिकवून हळूहळू खर्च कमी करू. अध्यक्ष रोझेन यांना तेवढा वेळ दिसत नव्हता. त्यांनी दोन माणसं गुपचूप कॉमडेक्स या संगणकांच्या प्रदर्शनात पाठवली आणि बाजारातले भाग घेऊन पीसी केवढ्यात बनतो याचा हिशेब काढायला लावला. आकडा कॉम्पॅकच्या स्वतःच्या खर्चापेक्षा बराच कमी आला. ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅनियन यांना जावं लागलं, एकहार्ड फायफर प्रमुख झाले. मला कॅनियन यांच्याबद्दल आदर आहे, तरी या वादात रोझेन यांचं गणित बरोबर होतं असंच मी म्हणेन. फक्त त्या गणितानं पुढं काय काय नेलं, तेही मी जवळून पाहिलं.

जून १९९२ मध्ये प्रोलिनिया हा स्वस्त पीसी आला, ९०० डॉलरच्या आत सुरू होणारा. एका झटक्यात दरयुद्ध पेटलं. १९९३ मध्ये घरासाठी प्रेसारिओ आला. १९९४ मध्ये कॉम्पॅक जगात सर्वाधिक पीसी विकणारी कंपनी झाली, आयबीएमला मागं टाकून. बाहेरून हा सुवर्णकाळ. आमच्या टेबलावर मात्र दोन वेगळ्या कॉम्पॅक यायला लागल्या होत्या: डेस्कप्रो आणि प्रोलायंट जुन्या जातकुळीचे, आणि घरगुती प्रेसारिओ, ज्यात पत्रा पातळ झाला होता आणि मोडेम, साउंड, स्पीकर यांची गर्दी होती. नाव एकच. ज्याचा पहिला अनुभव प्रेसारिओचा, त्याला ‘कॉम्पॅकसारखं मशीन नाही’ या वाक्याचा अर्थ कळणं कठीण.

डेल या प्रतिस्पर्धी पीसी कंपनीचा प्रश्न यापेक्षा अवघड होता. डेल ऑर्डर आल्यावर मशीन जुळवायची आणि थेट ग्राहकाकडे धाडायची. पीसीच्या भागांचे भाव भाजीसारखे उतरतात. गोदामात पडून असलेलं मशीन दर आठवड्याला स्वस्त होत जातं. कॉम्पॅकची मशीन आधी कारखान्यात, मग वितरकाकडे, मग दुकानात थांबायची, आणि भाव पडला की दुकानदाराला फरक भरून द्यायचा तो कॉम्पॅकनंच. थेट विकावं तर ज्या दुकानदारांच्या खांद्यावर बसून कंपनी मोठी झाली ते नाराज. ही कोंडी शेवटपर्यंत सुटली नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत आणि २००१ मध्ये जगात डेल पहिल्या क्रमांकावर गेली.

फायफर यांचा उपाय होता आयबीएमएवढं मोठं होण्याचा. १९९७ मध्ये टँडम घेतली, सुमारे ३ अब्ज डॉलरला. बँका आणि शेअर बाजारांचे न थांबणारे संगणक तिचे. १९९८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट घेतली, ९.६ अब्ज डॉलरला. संगणक उद्योगात तोवर एवढा मोठा व्यवहार झाला नव्हता. व्हॅक्स संगणक आणि अल्फा प्रोसेसर बनवणारी, जगभर सेवा देणारी मंडळी एका दिवसात कॉम्पॅकची झाली. पण डिजिटलचा माणूस ग्राहकाच्या यंत्रणेत वर्षानुवर्षं मुरलेला, आणि कॉम्पॅकचा माणूस खोकं वेळेत ट्रकवर चढवण्यात तरबेज. दोघांची गाठ बसलीच नाही. घास मोठा होता, गिळला गेला पण पचला नाही. एप्रिल १९९९ मध्ये रोझेन यांच्याच संचालक मंडळानं फायफर यांना काढलं. त्यांच्या जागी मायकेल कॅपेलस आले. जून २००१ मध्ये अल्फा प्रोसेसरचं तंत्र इंटेलला द्यायचं ठरलं. अल्फावर काम केलेल्या कुणाशीही बोला, आजही ते या निर्णयाबद्दल हळहळतात, आणि मीही.

पण याच डिजिटलच्या प्रयोगशाळांतून तुमच्या कपाटातला आयपॅक आला, म्हणून तिथं जरा थांबू. डिजिटलनं आर्म कंपनीबरोबर स्ट्राँगआर्म नावाचा प्रोसेसर घडवला होता, कमी विजेत भरपूर वेग देणारा. पालो आल्टोच्या तिच्या प्रयोगशाळेत तो वापरून ‘इट्सी’ नावाचा खिशातला संगणक तयार झाला. त्यावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली चालायची, आणि यंत्र हातात तिरपं केलं की पडद्यावरचा मजकूर सरकायचा. नव्वदच्या दशकात! डिजिटलच्याच दुसऱ्या प्रयोगशाळेनं हार्ड डिस्कवर गाणी ठेवणारा खिशातला वादकही बनवला. १९९९ मध्ये तो एका कोरियन कंपनीच्या नावावर विक्रीला आला, आयपॉडच्या दोन वर्षं आधी. कॉम्पॅकच्या घरात पुढच्या दशकातली दोन मोठी यंत्रं बीजरूपात पडलेली होती. स्ट्राँगआर्म मात्र तोवर घरात राहिला नव्हता. पेटंटच्या भांडणातल्या तडजोडीत डिजिटलनं तो इंटेलला दिला होता. त्यामुळे डिजिटल विकत घेऊनही कॉम्पॅकला तो प्रोसेसर इंटेलकडून घ्यावा लागला.

आयपॅक हे नाव आधी एका सुटसुटीत डेस्कटॉप पीसीला दिलं होतं. २००० मध्ये आलेल्या एच३६०० नं ते जगभर केलं. २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म, ३२ एमबी मेमरी, २४० बाय ३२० चा रंगीत पडदा, त्यावर मायक्रोसॉफ्टचं पॉकेट पीसी नावाचं सॉफ्टवेअर, किंमत ४९९ डॉलर. बनवून देत होती तैवानची एचटीसी. हे नाव नंतर फोनमुळे सगळ्यांना माहीत झालं. त्या काळचे हातातले संगणक बहुतेक करड्या पडद्याचे होते. आयपॅकचा पडदा उन्हात वाचता यायचा आणि भोवतालचा उजेड ओळखून स्वतःची चमक बदलायचा. मागणी इतकी, की कित्येक महिने माल पुरेना.

त्याची मला आवडलेली गोष्ट म्हणजे पाठीवर चढवायचा अंगरखा. नुसतं यंत्र सडपातळ. मेमरी कार्ड हवं तर एक अंगरखा चढवा, नेटवर्कचं किंवा मोडेमचं मोठं कार्ड हवं तर दुसरा. हिंडून तपासण्या आणि नोंदी करणाऱ्यांना ही सोय फार कामाची ठरली. दुसरी गोष्ट म्हणजे कार्यप्रणाली पुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅश मेमरीत होती. कॉम्पॅकच्याच अमेरिकेतल्या केंब्रिजच्या संशोधकांनी त्यावर लिनक्स बसवून तो उघडपणे वाटला, आणि पुढची कित्येक वर्षं हातातल्या यंत्रांवर लिनक्स शिकणाऱ्यांचा आयपॅक हा सरावाचा गडी झाला. उणीव मोठी एकच: तुम्ही भरलेले पत्ते, टिपणं, भेटी हे सगळं साध्या रॅममध्ये. बॅटरी पूर्ण उतरली की पाटी कोरी.

४ सप्टेंबर २००१ रोजी जगाला कळलं, की एचपी कॉम्पॅकला घेणार, सुमारे २५ अब्ज डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात. एचपीच्या प्रमुख कार्ली फिओरिना. एचपीच्या संस्थापकांपैकी एकाचे पुत्र वॉल्टर ह्युलेट यांनी कडाडून विरोध केला; पीसीचा कमी नफ्याचा धंदा एचपीच्या प्रिंटरच्या नफ्याला खाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. मार्च २००२ मध्ये भागधारकांचं मतदान अगदी काठावर झालं, कोर्टकचेरी झाली, आणि ३ मे २००२ ला व्यवहार पूर्ण झाला.

इथं तुमच्या ‘मुद्दाम संपवली का?’ या प्रश्नाकडे परत येतो. दोन्ही घरांत एकसारखी भांडी झाली, तेव्हा एचपीनं कोणती ठेवली ते बघा. सर्व्हरमध्ये स्वतःचा नेटसर्व्हर बंद केला आणि कॉम्पॅकचा प्रोलायंट ठेवला. हातातल्या यंत्रांत स्वतःचा जॉर्नाडा बंद केला आणि आयपॅक ठेवला. शेअर बाजारातलं एचपीचं चिन्ह तेव्हा ‘एचपीक्यू’ झालं. कॉम्पॅकचं ‘सीपीक्यू’ होतं. संपवायचं असतं तर असं कुणी केलं नसतं. घसरलं ते नावाचं मोल. कार्यालयीन मशीनवर काही वर्षं ‘एचपी कॉम्पॅक’ असं जोडनाव राहिलं, आणि ‘कॉम्पॅक प्रेसारिओ’ हे स्वस्त लॅपटॉपचं नाव झालं. ज्या नावासाठी १९८६ मध्ये लोक जास्त पैसे मोजायचे, तेच नाव या व्यवहारानंतरच्या दहा वर्षांत ‘बजेट कमी असेल तर’ या रकान्यात गेलं. २०१३ मध्ये अमेरिकेत ते बंद झालं. नंतर इतर कंपन्यांनी परवाना घेऊन ते वापरलं, पण त्यांचा ह्यूस्टनच्या त्या घराण्याशी संबंध नाही.

आयपॅकचा शेवट वेगळा. एचपीनं त्यात बोटाचा ठसा ओळखणारा वाचक घातला, २००४ मध्ये फोनही घातला. पण तोवर लोकांना हातातल्या संगणकाला जोडलेला फोन नको होता, फोनमध्येच संगणक हवा होता, आणि २००७ च्या आयफोननं ते पक्कं केलं. आयपॅक ग्लिसन या फोनबरोबर ती मालिका थांबली. २०१० मध्ये एचपीनं पाम घेतली, जी एके काळी आयपॅकची मुख्य प्रतिस्पर्धी होती, आणि २०११ मध्ये तिची यंत्रंही बंद केली. प्रोलायंट मात्र आजही विकला जातो, २०१५ च्या वाटणीत वेगळ्या झालेल्या एचपी एंटरप्राइझच्या नावानं. त्या कंपनीनं २०२० मध्ये आपलं मुख्यालय कॅलिफोर्नियातून ह्यूस्टनच्या परिसरात हलवायचं ठरवलं.

राहता राहिली तुमच्या कपाटातली दोन यंत्रं. आयपॅक चार्जरला लावण्याआधी त्याची पाठ फुगली आहे का ते बघा. फुगली असेल तर अजिबात लावू नका, आतली बॅटरी लिथियमची आहे. ठीक असेल आणि चालू झालाच, तर तो पहिल्या दिवसासारखा ‘पडद्यावर खूण आहे तिथं टेकवा’ असं विचारत उठेल. वडिलांचे पत्ते त्यात नसतील. मेमरी कार्डाचा अंगरखा सोबत सापडला, तर त्यातलं कार्ड मात्र जरूर वाचून बघा. ते बॅटरीवर अवलंबून नव्हतं.

डेस्कप्रोबाबत एक कळकळीची विनंती: हार्ड डिस्क फॉरमॅट करू नका. त्या पिढीतल्या बऱ्याच डेस्कप्रोंचा सेटअप, म्हणजे मशीनची मूळ मांडणी ठरवणारा प्रोग्रॅम, चिपमध्ये नसून डिस्कच्या एका लपवलेल्या भागात असायचा. सुरू होताना वरच्या उजव्या कोपऱ्यात एक खूण क्षणभर लुकलुकते, त्याच वेळी एफ१० दाबायचं. तो भाग पुसला की सेटअपच्या मूळ फ्लॉप्या शोधत हिंडावं लागतं. हे अनेकांनी नकळत केलं आणि चांगली मशीन अडगळीत गेली. आधी टी-१५ चा पाना घ्या, डिस्क काढा, दुसऱ्या संगणकाला जोडून तिची पूर्ण प्रत काढा. लिनक्सवर एफडिस्क हा डिस्कचे विभाग दाखवणारा प्रोग्रॅम चालवलात, तर विभागांच्या प्रकारांची जुनी यादी बघा. त्यात १२ या क्रमांकासमोर अजूनही ‘कॉम्पॅक डायग्नोस्टिक्स’ असं लिहिलेलं आहे, आणि तुमच्या वडिलांच्या डिस्कवरचा तो लहानसा विभाग शाबूत असेल तर त्याच नावानं ओळखला जाईल.